पण उलटपक्षी

आयुष्यात एकदाही खोटं न बोललेला माणूस मी एकच पाहिला, आणि अख्ख्या मलकापुरात त्याच्याशी बोलायला कुणी तयार नव्हतं. रस्त्याच्या त्या टोकाला ग्रेडरसाहेब दिसले की या टोकाची माणसं एकदम कामात असायची. कुणी चपलेचा पट्टा बघायचं, कुणी मोबाइल कानाला लावायचं, आणि आमच्या गल्लीतले एक सद्गृहस्थ तर बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत शिरायचे. कारण ग्रेडरसाहेबांना "काय, बरं आहे ना?" असं विचारणं ही साधी गोष्ट नव्हती. ते थांबायचे, विचार करायचे, आणि बरं आहे की नाही ते सांगायचे.

इरा आणि निषाद, तुम्ही त्यांना एकदा पाहिलं आहे. गेल्या जानेवारीत एका रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल चालू असताना माझ्यामागे व्हरांड्यात एक उंच आजोबा वही डोळ्यांजवळ धरून बसले होते. "ते कोण गं आजी?" असं इराने विचारलं आणि मी "शेजारी" म्हणून मोकळी झाले. खोटं नव्हतं, पण फार थोडं होतं. आता शेजारच्या घराला कुलूप आहे, माझ्याकडे वेळही आहे, तेव्हा राहिलेलं सांगते.

ग्रेडर म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. इकडे कापूस विकायला येतो तेव्हा गाडीपाशी एक माणूस जातो, मूठभर कापूस उपसतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढतो, आणि धागा किती लांब, किती मजबूत, कापसात ओल किती हे पाहून दर्जा सांगतो. त्याच्या एका शब्दावर समोरच्याचं वर्षभराचं काम ठरतं. ग्रेडरसाहेबांनी हे काम तीस-बत्तीस वर्षं केलं. शेतकरी म्हणायचे हा व्यापाऱ्यांचा माणूस, व्यापारी म्हणायचे हा शेतकऱ्यांचा. दोन्हीकडून शिव्या खाणारा ग्रेडर प्रामाणिक असतो, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, बोटं सुटली नाहीत. तुम्ही बोलत असलात की त्यांचे दोन्ही अंगठे न दिसणारा धागा ओढत असत आणि तुमचं बोलणं संपलं की दर्जा मिळे: "लांब धागा", "आखूड", किंवा सगळ्यात वाईट म्हणजे "ओल आहे". वजन वाढवायला कापसावर पाणी मारतात ना, तसं बोलण्यावर काही मारलेलं असलं की ती ओल.

मी एकदा हौसेने वांग्याचं भरीत पाठवलं. डबा परत द्यायला आले तेव्हा मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "वांगं चांगलं भाजलं, मॅडम," ते म्हणाले, "मीठ जास्त झालं. अन् मिरची तुमी घाबरत घातली." दुसऱ्या खेपेला मी मिरची न घाबरता घातली, तर म्हणाले, "आता रागानं घातली." गल्लीतल्या एका मुलासाठी चिखलीकडचे पाहुणे चौकशीला आले होते. त्यांनी ग्रेडरसाहेबांना गाठून विचारलं, पोरगा कसा आहे? साहेबांनी बराच वेळ विचार केला. कुणाचं वाईट करायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, अशी कसरत चाललेली त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. शेवटी म्हणाले, "सकाळी फार चांगला आहे." पाहुणे चहा न संपवता उठले.

त्यांची बायको होती तोवर हे चालून जायचं, कारण दोघांच्या वाटचं खोटं त्या एकट्या बोलायच्या. लग्नात, बारशात त्या नवऱ्याच्या दोन पावलं पुढे चालत आणि आधीच सांगून टाकत, "ह्यायले फार आवडलं बरं का जेवन!" मागून साहेब तोंड उघडायचे, तेवढ्यात त्या त्यांच्या हातात पानाचा विडा ठेवायच्या. अकरा वर्षांपूर्वी त्या गेल्या. कशा गेल्या ते साहेबांनीच मला सांगितलं, एखाद्याने गाडीची वेळ सांगावी तसं. दवाखान्यात होत्या. मुलगा सुरतेला. सकाळी त्याचा फोन आला होता की आज निघणं जमत नाही, उद्या निघतो. दुपारी तीनच्या सुमाराला त्यांनी नवऱ्याला विचारलं, "पोरगा निघाला काय हो?"

"नाई," साहेब म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे कूस वळवली. तासाभरात गेल्या.

"मले फक्त एवढंच पाह्यजे, मॅडम," साहेब म्हणायचे. "मी बरोबर केलं का चूक केलं. बाकी काही नाई." हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारून पाहिला होता. देवळातले गुरुजी म्हणाले, प्रारब्ध. डॉक्टर म्हणाले, "काका, झोप लागते का नीट?" मेहुणे म्हणाले, "त्यात काय एवढं? निघाला म्हणून टाकायचं!" प्रश्न ऐकून घेणारं कुणी भेटेना. सुरतेचा मुलगा "बाबा, इकडे या" म्हणून दर महिन्याला फोन करी, पण साहेब जात नसत. "तिथं गेलो अन् त्यानं एका दिवशी विचारलं, आई शेवटी काय म्हणे, तं मले सांगा लागंल," ते म्हणत. "आधी मले तं कळू द्या."

मग एके दिवशी ते घरातली वर्तमानपत्रं द्यायला रहीमभाईंच्या रद्दीच्या दुकानात गेले. तिथे पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकं पडली होती, कुठल्याशा जुन्या मिशनच्या बंगल्यातून आलेली. रहीमभाई त्यांना वैतागले होते. "ले जाओ साहब," ते म्हणाले, "इनका तो पुडा भी नहीं बनता, कागज मोटा है." साहेबांनी एक खंड मधूनच उघडला. त्यांचं इंग्रजी कापसाच्या पावतीपुरतं, पण त्या पानावर त्यांना एक ओळखीचा शब्द दिसला: खोटं. त्याच संध्याकाळी तो खंड पिशवीत घालून ते माझ्या दारात उभे राहिले. "मॅडम, इंग्रजी तुमचं. एवढं वाचून द्या. इथं कोनीतरी माझाच सवाल विचारून राह्यलं."

मी वाचलं आणि थक्क झाले. सात-आठशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुठल्याशा मठात एका संन्याशाने लिहिलेलं ते तत्त्वज्ञान होतं. ईश्वर आहे का इथपासून सुरुवात आणि मग माणसाने रागवावं का, हसावं का, देवदूताला जागा लागते का, आणि आजाऱ्याला धीर देण्यासाठी खोटं बोललं तर ते पाप का, असे शेकड्यांनी प्रश्न. आयुष्यभर इंग्रजी शिकवूनही मी असलं काही वाचलेलं नव्हतं. आपण ख्रिश्चन नाही, युरोपातले नाही, मध्ययुगातले तर मुळीच नाही. पण दारातला माणूस पिशवी छातीशी धरून उभा होता. मी म्हटलं, मंगळवार आणि शुक्रवार, चार वाजता. उशीर चालणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात आणि चिठ्ठ्यांवर तारखा. ते मात्र माझ्याही वरताण निघाले. चारला पाच मिनिटं कमी असताना फाटकाबाहेर येऊन उभे राहायचे आणि चार वाजल्यावर कडी वाजवायचे. मी इंग्रजी वाचून मराठीत अर्थ सांगायची, ते लांबट वहीत लिहून घ्यायचे. गावात बातमी पसरली की ग्रेडरसाहेब बाटले. भजनी मंडळातले चार जण तोंडं पाडून त्यांच्याकडे आले. साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "मी गिऱ्हाईक नाई रे बाबाहो, ग्रेडर आहे. ग्रेडर माल घेत नाई, पाह्यतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे गणपतीला दूर्वा घेऊन गेले.

त्या संन्याशाची लिहिण्याची एक रीत होती आणि तीच पुढे साहेबांच्या अंगात भिनली. आधी प्रश्न मांडायचा. मग स्वतःच्या मताविरुद्ध असतील ते सगळे आक्षेप सांगायचे, तेही असे, की विरोधकाला स्वतःला इतके चांगले सुचले नसते. मग "पण उलटपक्षी" म्हणून दुसरी बाजू दाखवायची. मग आपलं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचं निरसन. साहेबांनी यात स्वतःची एक भर घातली. विरोधक जोवर "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणत नाही, तोवर पुढे सरकायचं नाही. ही रीत वहीत शोभते. बाजारात शोभत नाही. मेथीची जुडी घ्यावी की न घ्यावी याचे आक्षेप सांगून होईतो मागे रांग लागायची आणि भाजीवाली ओरडायची, "ओ काका, घ्याची तं घ्या, नाई तं सरका! मेथी वाळून राह्यली!"

सगळ्यात वाईट झालं ते लिंबाचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठं कडुलिंबाचं झाड होतं, साहेबांच्या घरासमोरच. उन्हाळ्यात ते दुपारभर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसत. काही लोकांना ते पाडायचं होतं. सभा बोलावली गेली. झाडाच्या बाजूने बोलायला साहेब उठले. आधी अर्थातच आक्षेप. मुळं पाण्याच्या पाइपात शिरतात, फांद्या विजेच्या तारांना लागतात, वादळात एखादी फांदी पडली आणि खाली कुणाचं लेकरू असलं तर? ते इतकं मनापासून आणि इतकं मुद्देसूद बोलले की झाड पाडायला निघालेल्या लोकांनाही आपलं म्हणणं प्रथमच नीट कळलं. "हेच म्हनाचं होतं आमाले!" असं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हात वर केले, ठराव पास झाला, आणि सभा चहाला उठली. "पण उलटपक्षी," असं साहेब म्हणाले, तेव्हा समोर फक्त मी होते आणि सतरंजी गुंडाळणारा माणूस. चार दिवसांनी झाड गेलं. मी पाहायला गेले तर साहेब त्या ताज्या बुंध्यावर भर उन्हात बसले होते. मला म्हणाले, "मॅडम, उरलेलं भाषण ऐकता काय?" मी ऐकलं. छत्री धरून, पाऊण तास. फार चांगलं भाषण होतं.

माझं काम मात्र वाचण्यापुरतं राहिलं नाही. लवकरच ते म्हणाले की वाद एकतर्फी होतो आहे, आक्षेप घ्यायला कुणीतरी पाहिजे. मग दर खेपेला तीन नवे आक्षेप मी आधीच तयार करून ठेवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांना गृहपाठ दिला, सत्तरीत मला मिळाला. दोनच आक्षेप असले तर ते वही मिटून म्हणायचे, "शुक्रवारी येतो." तीन असले तर अंगठे हलायचे. "पहिला ओला आहे. दुसरा मागच्या मंगळवारचाच आहे, फक्त धुतलेला. तिसरा चालंल." तो संन्यासी खोट्याचे तीन प्रकार सांगतो: थट्टेचं, दुसऱ्याच्या उपयोगी पडणारं आणि घात करणारं. उपयोगाचं खोटं सगळ्यात हलकं पाप, पण पापच. सत्य झाकून ठेवायला मात्र तो परवानगी देतो. मी लगेच म्हटलं, मग तुम्ही गप्प बसू शकला असता. साहेबांचे अंगठे थांबले. "पस्तीस वर्षं ती माझं गप्प बसनं वाचत होती, मॅडम," ते म्हणाले. "तिले ते तोंडपाठ होतं." तो आक्षेप मी मागे घेतला.

वहीचं पहिलं पान मला दर खेपेला दिसायचं. वर प्रश्न: मरणाऱ्या माणसाला खोटा धीर द्यावा काय? खाली माझे आणि त्यांचे मिळून चाळीसेक आक्षेप, दोन्हीकडचे. आणि "उत्तर" असं लिहून पुढचं सगळं पान कोरं. "संन्याशाचं खरं असंल, तं मी बरोबर वागलो अन् ती तरी भिंतीकडं वळली," ते म्हणायचे. "अन् त्याचं खोटं असंल, तं एक शब्द माझ्या हातात होता, तो मी दिला नाई. मले दोन्हीकडून मार आहे."

हे सगळं तुम्हाला विचित्र वाटेल. पण तुमचे आजोबा गेल्यावर माझे दिवस कसे जात ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण मी सांगितलेलं नाही. सकाळी कमलबाई भांडी घासून गेल्या की दुसऱ्या सकाळपर्यंत मला तोंड उघडायचं कारण नसे. एका मंगळवारी, कमलबाई रजेवर असताना, मी चार वाजता "या" म्हटलं तर घशातून आवाजच फुटेना. साहेब पायरीवर थांबले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी कालपासून बोलल्या नाई." बरोबर होतं. शनिवार, रविवार, सोमवार मी फक्त मंगळवारची वाट पाहत असे, आणि आक्षेप जुळवीत असे.

तुमच्याबद्दलही आम्ही वाद घातला आहे. देवदूतांचं प्रकरण चाललं होतं. देवदूताला शरीर नाही, मग तो अमुक ठिकाणी आहे असं कसं म्हणायचं? संन्याशाचं म्हणणं, देवदूत जिथे काम करतो तिथे तो असतो. मला हे पटेना. मी चिडून म्हटलं, म्हणजे माझी नातवंडं, जी रविवारी फोनच्या काचेत दिसतात, ती इथे असतात म्हणायची की तिथे? साहेबांनी गंभीरपणे अंगठे ओढले. "त्यायनं तुमाले हसवलं काय?"

"हसवलं."

"मंग तेवढा वेळ ते इथंच होते. लांब धागा आहे, मॅडम. ठेवून घ्या."

मी तो ठेवून घेतलेला आहे.

तर तो जानेवारीतला रविवार. त्यांचा वाचायचा दिवस नव्हता, पण एक खंड परत न्यायला आले आणि तुमचा फोन आला म्हणून मागे खुर्चीवर बसून राहिले. निषादने गिटार वाजवून दाखवली. मग इराने विचारलं, "आजी, तुला कंटाळा नाही येत गं एकटीला?" आणि मी म्हटलं, "छे गं! इथे इतकी वर्दळ असते, मला बसायला फुरसत नाही. मी अगदी मजेत आहे." फोन ठेवून वळले तर साहेब वही उघडून बसले होते.

"मॅडम, प्रश्न घ्याचा काय?"

"घेऊ नका."

"बरं," म्हणून त्यांनी वही मिटली. माझ्या सांगण्यावरून त्यांनी प्रश्न सोडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या मिटलेल्या वहीनेच मी भडकले. शिक्षिकेने कधी चढवू नये एवढा आवाज चढवला. म्हटलं, काय सांगू त्यांना? की आठवडाभर कमलबाई आणि तुमच्याशिवाय कुणी फाटक उघडलं नाही? त्या पोरांनी तिकडे बर्फात बसून काय करायचं त्याचं? रडायचं?

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "ऐका, तुमचं म्हननं असं. आजी दूर आहे. नातवंडं लहान आहेत, त्यायच्या हातात काही नाई. खरं सांगतलं तं तिकडं एक दुखनं पोचते, अन् इकडचं काही कमी होत नाई. एकाचे दोन होतात. म्हून आजी आपलं दुखनं आपल्यापाशीच ठेवून घेते. हे खोटं बोलनं नाई, हे ओझं उचलनं आहे. असंच ना?"

"हो," मी म्हटलं. "हेच." मला इतकं चांगलं म्हणता आलं नसतं. डोळ्यांना पदर लावावा लागला.

"लांब धागा आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत असा आला नाई." मग वही काखेत घेऊन उठले. उठताना खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला. "मले बी तिच्यासाठी हेच कराले पाह्यजे होतं, मॅडम. ओझं मीच ठेवून घ्याले पाह्यजे होतं. एका शब्दाचं तं होतं."

इतकी वर्षं मी त्यांना हरवणारा आक्षेप शोधत होते, आणि सापडला तो हा. ते पायऱ्या उतरायला लागले. पाठ एकदम म्हाताऱ्याची दिसत होती.

"थांबा," मी म्हटलं. "'पण उलटपक्षी' राहिलं."

"आता काय उलटपक्षी?"

"बसा. सभा चहाला उठलेली नाही अजून." ते बसले. मला खरं तर काहीच सुचलेलं नव्हतं. वर्गात काही सुचेनासं झालं की मी मुलांना धडा पहिल्यापासून वाचायला लावायची, तसंच केलं. म्हटलं, त्या दिवशीचं पहिल्यापासून सांगा. खोलीत कोण कोण होतं?

"मी होतो. नर्सबाई होती एक. चांगली होती बिचारी. सकाळपासून सांगून राह्यली होती, येऊन राह्यला तुमचा पोरगा, निघाला, आता पोचतेच."

"ते तुमच्या सौ. ऐकत होत्या?"

"हाव. हूं हूं म्हने."

"मग तुम्हाला काऊन विचारलं?" मीही वऱ्हाडीत गेले. "उत्तर मिळालेलं होतं की. चांगलं होतं, धीराचं होतं. तेच ऐकायचं असतं तर नर्सबाईलाच पुन्हा विचारलं असतं. दोघांच्या वाटचं खोटं आयुष्यभर जी बाई बोलली, तिला खोटं ओळखू येत नव्हतं होय? त्या खोलीत खोटं न बोलणारा एकच माणूस होता, आणि त्यांनी त्यालाच विचारलं."

स्टेशनाकडून एक लांब मालगाडी गेली, तिचे डबे संपेनात. ती गेल्यावर साहेब हळूच म्हणाले, "दिवसभर दाराकडं तोंड करून होती, मॅडम. डाव्या कुशीवर. डावी कूस दुखत होती तिची. मी म्हने, कूस बदलून देतो. तं नाई म्हने. दार दिसलं पाह्यजे म्हने."

"आणि तुम्ही 'नाही' म्हणालात..."

"...मंग वळली." ते थांबले. "दुखऱ्या कुशीवरून उतरली, मॅडम."

हे उत्तर आहे असं मी म्हणत नाही. त्या बाईंच्या मनात काय होतं ते आता कुणाला विचारणार? पण साहेबांचे अंगठे चालू लागले होते, एकदा, दोनदा, तीनदा. मी विचारलं, "कसा आहे धागा?"

"मध्यम," ते म्हणाले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "पन कोरडा आहे."

फेब्रुवारीत त्यांचा मुलगा सुरतेहून आला. या वेळी साहेब "हाव" म्हणाले. सामान बांधताना मुलाने पाच खंडांकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, ह्या रद्दीचं काय करायचं?" साहेब म्हणाले, "ते माझं सामान आहे. रद्दीत द्याचे तं कपडे दे." निघताना फाटकापाशी आले. चार वाजायला पाच मिनिटं कमी होती, म्हणून थांबले आणि मग कडी वाजवली. वही माझ्या हातात दिली. "आक्षेप तुमचेच जास्ती आहेत हिच्यात," म्हणाले. मी म्हटलं, सांभाळून जा. ते म्हणाले, "प्रयत्न करीन." दुसरा कुणी असता तर "हो" म्हणाला असता.

त्यांना फोन आवडत नाही, फोनवर धागा ओढून पाहता येत नाही म्हणतात. तरी होळीच्या सुमाराला एकदा केला होता. मी विचारलं, कसं आहे तिकडे? थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाले, "सगळे लय चांगलं वागतात, मॅडम. पन आक्षेप घेनारं कोनी नाई." मी विचारलं, मुलाने विचारलं का? "विचारलं." मग? "सांगतलं." मग? "उठला अन् माझ्यासाठी चहा करून आनला. त्याले चहा करता येत नाई." कसा झाला होता, असं मी विचारलं नाही. त्यांनी त्याला सांगितलं असणारच.

वही मी कपाटात, चिठ्ठी लावून ठेवली होती. गेल्या आठवड्यात झाडपूस करताना उघडली. पहिल्या पानावरच्या "उत्तर"पुढे त्यांनी काहीच लिहिलेलं नाही, फक्त एका बारीक रेघेने पान बंद केलं आहे. पण शेवटी एक नवं पान होतं, मला न दाखवता लिहिलेलं. प्रश्न: दूर राहणाऱ्या नातवंडांना आजीने मजेत आहे असे सांगावे काय? खाली "मॅडम म्हणतात" असं लिहून माझा तो आक्षेप, त्यांनी त्या रविवारी मांडला होता तसाच, माझ्यापेक्षा चांगला. मग: "पण उलटपक्षी, नातवंडं हे आजीला विचारतात. शेजाऱ्यांना विचारत नाहीत." आणि मग "उत्तर" एवढं लिहून खाली जागा सोडली आहे.

ही जागा माझ्यासाठी आहे हे मला कळतं. म्हणून लिहिते. इरा, निषाद, मी मजेत नाही. आजारीही नाही. गुडघे दुखतात, ते चालायचंच. डबे जागच्या जागी आहेत. गल्लीच्या तोंडाशी सावली नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी चारला पाच मिनिटं कमी असताना माझं लक्ष फाटकाकडे जातं, तीन आक्षेप तयार असतात, आणि ते ऐकायला कुणी नसतं. एकटी आहे. तुम्ही यावर काही करावं असं नाही. तुम्ही विचारलं होतं, एवढंच.

पुढच्या रविवारी पुन्हा विचारा. मी थोडी थांबेन, विचार करीन, आणि मग सांगीन. तुम्ही मात्र बंद गिरणीत शिरू नका.